आणि म्हणून

कूलरची टाकी भरायला अजून अवकाश होता,
थंडी नुकती सरत होती
आणि कोर्टाच्या घुमटाची सावली
सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यावर पाय पसरून बसलेली.

बेलसरे साहेब सांगत होते, मी घेत होते.
ते इंग्रजीत, मी रेघांत:
जाड रेघ, बारीक रेघ, एक ठिपका.
लघुलिपीला ना जात ना प्रभाग;
सव्वीस वर्षं तिच्याच भाकरीवर काढली मी.

प्रकरण तसं चिमूटभर.
रेवता निनावे, राहणार टिमकी, शिलाईकाम.
अर्ज भरला, चिन्ह मागितलं शिलाई मशीन,
छाननीत बाद.
पाणीपट्टी थकीत, रुपये दोनशे सत्तर.
ज्या नळाची, तो नळ
तीन उन्हाळे कोरडा.
तिचा वकील एकच, गाऊनच्या कोपराला रफू.
त्यानं नळाचा फोटो जोडला होता,
तोटीला कोळ्याचं जाळं.

समोर सहा वकील.
त्यांचं म्हणणंही पोकळ नव्हतं:
निवडणूक एकदा लागली
की कोर्टानं मधे हात घालू नये.
कायदाच आहे तसा.
मागच्या बाकावर रेवता,
गळ्यात मापाची टेप, काढायची राहून गेलेली.
व्हरांड्यात तिनं मला गाठलं होतं,
"मॅडम, साहेब चांगले हायेत का जी?"
मी म्हटलं, "साहेब साहेब आहेत."
याहून मोठी तारीफ मला येत नव्हती.

माणूस एकटा. नागपुरात चार वर्षं,
एका लग्नाला गेला नाही.
पत्रिका येत, हळदीचं बोट लावलेल्या,
खणात पडून राहत.
त्या आठवड्यात मिठाईचा डबाही आला.
झिंगर शिपायाला म्हणाले, परत कर.
"कोणाले करू जी? नावच नाही त्याच्यावर."
"मग फाटकाबाहेर ठेव."
सकाळी मुंग्यांची रांग,
शिस्तीत, मतदानाला उभी असल्यासारखी.

तर साहेब सांगत होते.
पहिलं पान हकिगत, दुसरं कलमं.
तिसऱ्यावर, माझ्या मराठीत सांगायचं तर:
अधिकाऱ्यानं नियम पाळला, हे खरं.
नळाला पाणी नव्हतं, हेही खरं.
लोकांनी कुणाला निवडावं, हे या कोर्टाचं काम नाही;
पण लोकांसमोर उभं कुणी राहायचं
हेच जर एका टेबलावर ठरत असेल,
आणि म्हणून

थांबले.
चष्मा काढून रुमालानं पुसला.
माझी पेन्सिल कागदावर टेकलेली.
म्हणूनच्या पुढे दोन्ही रस्ते होते,
साहेबांच्या चेहऱ्यावर मला एकही दिसला नाही.
"उरलेलं उद्या," म्हणाले.

उद्या रोस्टर बदललं.
मुंबईहून एक पान आलं,
त्यात कारण नव्हतं, लिहायची पद्धतही नाही.
कदाचित कारण नसेलही. रोस्टर बदलतंच.
घरी मी तसंच सांगते.
साहेबांनी डबा धुतला, पिशवीत घातला,
दुसऱ्या मजल्यावर जमिनीचे दावे ऐकायला गेले.

पुढची तारीख मतदानानंतरची.
मशीनवर पाच नावं, खाली 'वरीलपैकी कोणीही नाही'.
मग दोन ओळींचा आदेश, मीच टंकला:
याचिकेत आता काही उरलेलं नाही, निकाली काढण्यात येते.
निकाल आणि निकाली,
एका वेलांटीचं अंतर.
तेवढ्यात एक बाई मावली.

वही जमा करायची असते. केली.
सही नसलेला शब्द कोर्टाचा नसतो,
माझा तर नव्हताच.
तरी कधी वाण्याची यादी करताना
बोट आपसूक ती रेघ ओढतं
आणि पुढे काय लिहायचं ते आठवत नाही.

निवृत्तीनंतर टिमकीत गेले, ब्लाऊज शिवायला.
तिनं ओळखलं नाही. माप घेतलं,
आकडे भिंतीवर खडूनं लिहिले.
मी विचारलं, "नळाला पाणी येतं का गं?"
"येते ना जी," सुईत दोरा ओवत म्हणाली,
"इलेक्शन आलं का येते."

उजवी बाही जरा सैल ठेव म्हटलं,
हात दुखतो.